पहिल्या प्रतीचा महिना

आमच्या ह्यांना कुठल्याही गोष्टीची प्रत ठरवल्याशिवाय ती हातात घेता येत नाही. हा धंद्याचा दोष आहे. मधुकररावांनी वर्ध्याजवळच्या सिंदीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, तीस वर्षं कापूस पारखला. बैलगाडीतून चिमूटभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा, धागा किती लांब येतो ते बघायचं आणि पहिली, दुसरी, तिसरी असं सांगून मोकळं व्हायचं. सगळ्यात खाली कवडी, म्हणजे किडका, पिवळट कापूस. जिनिंगमध्ये हे ठीकच होतं. पण घरात वांगी आली की वांग्यांना प्रत, पाहुणा जेवून गेला की पाहुण्याला प्रत. आमच्या नलूला आलेल्या स्थळांपैकी दोन मुलं ह्यांनी कवडीत काढली होती. मला कोणती प्रत लावली आहे हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, एवढीच भीती.

अशा माणसाला मी १९७४ साली म्हटलं, "मले समुद्र पाहाचा हाय."

त्यांनी विचारलं, "कोणत्या महिन्यात?" आणि त्या एका प्रश्नात आमची नऊ वर्षं गेली.

समुद्र पाहायचं माझ्या मनात आलं ते सदाशिवराव परबांमुळे. परब वेंगुर्ल्याचे. सिंदीच्या पोस्टात तीन वर्षं पोस्टमास्तर होते. अंगाने काटकुळे, बोलायला सौम्य, आणि आपल्या गावाबद्दल कधी चांगला शब्द न काढणारे. मी शाळेत चौथीला शिकवायचे. चौथीच्या भूगोलात कोकणची किनारपट्टी येते, आणि तो धडा आला की मी फळ्यावर समुद्र काढायचे. निळ्या खडूने लाटा, पांढऱ्या खडूने फेस, एका कोपऱ्यात माड आणि शिडाचं होडकं. माझ्या त्या चित्राचं मुख्याध्यापकांनाही कौतुक होतं. एका पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर परब माझ्या वर्गात चहा प्यायला बसले होते. चित्र फळ्यावर होतंच. त्यांनी बशी खाली ठेवली, बराच वेळ बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही समुद्र पाहिलेला नाही ना?"

मी म्हटलं, नाही. कशावरून ओळखलंत?

"काही नाही हो. लाटा अशा शाळेतल्या पोरींसारख्या हातात हात घालून येत नाहीत, इतकंच."

त्यांना टोचून बोलायचं नव्हतं. पण मला जे लागायचं ते लागलं. चौथीच्या वीस तुकड्या माझ्या हाताखालून गेल्या होत्या. त्या सगळ्यांनी माझा खोटा समुद्र वहीत उतरवून घेतला होता, आणि त्यातली निम्मी पोरं आयुष्यात दुसरा समुद्र बघणार नव्हती. मी त्या दिवशी घरी येऊन धड जेवलेही नाही. पुढच्या वर्षी परबांची बदली झाली. निरोपाला आले तेव्हा त्यांनी आणि शोभाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आम्हांला वेंगुर्ल्याला बोलावलं आणि गेले. कधी या ते सांगितलं नाही, हीच त्यांची चूक.

ह्यांनी लगेच परबांना कार्ड टाकलं की आपल्या गावी येण्यास उत्तम महिना कोणता ते सविस्तर कळवावे. जिनिंगच्या एका पाठकोऱ्या कागदावर बारा महिन्यांचा तक्ता आखला. एका रकान्यात पाऊस, दुसऱ्यात ऊन, तिसऱ्यात आपली सवड, चौथ्यात परबांचं मत आणि शेवटी प्रत. तो कागद देवघराशेजारी खिळ्याला लटकला आणि देवांपेक्षा त्याच्याकडेच जास्त बघितलं जाऊ लागलं.

परबांची उत्तरं यायची, पण परब पडले कोकणी माणूस. आपल्या गावाची शिफारस करणं त्यांना चारचौघांत स्वतःची स्तुती केल्यासारखं वाटत असावं. जून ते सप्टेंबर येऊ नये, असं त्यांनी लिहिलं, पावसाने दार उघडता येत नाही. ऑक्टोबरात पाऊस जातो पण उकाडा फार. डिसेंबरात हवा बरी असते, पण मग बघण्यासारखं असं काही नसतं. फेब्रुवारीत वारा सुटतो. मे महिन्यात आंबे असतात, पण गरमीने जीव जातो, तेव्हा मे महिन्यात येण्याचा विचारसुद्धा करू नये. शेवटी मात्र दर वेळी, 'बाकी केव्हाही यावे, घर आपलेच आहे.'

ह्यांनी मे महिन्याला कवडी लावली. डिसेंबर, जानेवारीला पहिली प्रत. आता डिसेंबर, जानेवारीत सिंदीच्या जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग स्टेशनापर्यंत जाते. त्या दिवसांत पारख करणारा माणूस समुद्र बघायला गेला असता तर मालकाने त्याला परत येऊ दिलं नसतं. म्हणजे पहिल्या प्रतीचे महिने होते, पण ते आमच्या नशिबात नव्हते. दिवाळीच्या सुट्टीत मला सवड असे, तर ऑक्टोबरची प्रत तिसरी. मी म्हणायचे, तिसरी तर तिसरी, जाऊ. हे म्हणायचे, "एकडाव जाचं, तं चांगल्यात जाचं. तिसऱ्या प्रतीचा समुद्र कायले पाहाचा?" मग नलूचं लग्न, मग तिचं बाळंतपण, मग ह्यांच्या थोरल्या भावाचं आजारपण. दर जुलैला मी फळ्यावर तोच समुद्र काढायचे, पण आता हात चोरून काढायचे. लाटा काढताना परबांचा आवाज यायचा. मुख्याध्यापक मात्र दर वर्षी न चुकता कौतुक करायचे, त्याने तर अधिकच राग यायचा.

बघता बघता १९८३ उजाडलं. एकतीस ऑगस्टला मी निवृत्त होणार होते. म्हणजे किनारपट्टीचा धडा आता एकदाच शिकवायचा राहिला होता. मी ठरवलं की तो तरी खरा शिकवायचा, नाहीतर त्या दिवशी रजा टाकायची.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी दारात वाळ्याची ताटी लावून, पंखा सुरू करून मी वर्तमानपत्र वाचत पडले होते. आमच्याकडे उन्हाळ्यात हाच उपाय. वाळ्याच्या मुळांची विणलेली ताटी दारात उभी करायची, तिच्यावर पाणी मारत राहायचं, आणि बाहेर माणूस भाजून निघत असला तरी आत गारवा. वर्तमानपत्रात रोज गावोगावचं तापमान येतं. इतकी वर्षं आम्ही त्यात फक्त नागपूर आणि वर्धा बघत होतो, आपण काल किती भाजलो ते कळायला. त्या दिवशी माझी नजर खाली घसरली. वर्धा पंचेचाळीस. वेंगुर्ला तेहतीस.

मी उठून बसले. ह्यांना हलवून जागं केलं आणि आकड्यावर बोट ठेवलं. ह्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, मग ते इतके हसले की मला पाणी आणावं लागलं. "तेहतीस? तेहतीसमंधी परबांचा जीव जाते? नलूची माय, तेहतीसमंधी तं आपण पंखा बी लावत नाई." पुढच्या मिनिटाला ते स्टुलावर उभे राहून तक्त्यात मे महिन्याची कवडी खोडत होते. पावसाच्या रकान्यात निरंक, आपल्या सवडीत जिनिंग बंद आणि शाळेला सुट्टी, वर आंबे. पहिली प्रत.

परबांचं मत विचारायचं नाही असं ठरलं. त्यांना उन्हाळ्यातलं काय कळतं, असं ह्यांचं म्हणणं. परब सिंदीला होते तेव्हा दर मे महिन्यात रजा काढून आंबे खायला घरी पळायचे, त्यांनी आमचं ऊन बघितलंच नव्हतं. म्हणून ह्यांना त्यांची दयाही आली. तेहतीसात तडफडणाऱ्या त्या कुटुंबासाठी भेट म्हणून ह्यांनी वर्ध्याहून वाळ्याच्या दोन नव्या ताट्या करून घेतल्या. मी म्हटलं, लाडू न्या, संत्र्याची बर्फी न्या. ते म्हणाले, बर्फी दोन दिवसांत संपते, गारवा पाच वर्षं टिकेल.

वर्ध्याहून कोल्हापूरच्या गाडीत आम्ही बसलो तेव्हा आमच्यासोबत एक ट्रंक, खिडकीला टांगलेली पाण्याची छागल, आठवडाभर पुरतील इतके कांदे आणि माणसाएवढ्या लांब दोन गुंडाळ्या होत्या. प्रत्येक स्टेशनावर चढणारा माणूस त्यांना अडखळायचा आणि विचारायचा. ह्यांनी जवळपास पाऊण महाराष्ट्राला वाळ्याचे गुण समजावून सांगितले. कांदे खाण्यासाठी नव्हते. आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर पडताना खिशात कांदा ठेवतात, लू, म्हणजे उन्हाची झळ, लागत नाही. ह्यांच्या खिशात कोल्हापूर येईतो दोन होते.

कोल्हापुराहून एस.टी. आंबोलीचा घाट उतरली आणि ह्यांच्या कपाळावर पाणी दिसू लागलं. त्यांनी पुसलं. परत आलं. सावंतवाडीपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता. आमच्याकडे घाम येतो तो येतानाच सुकतो, तो असा अंगावरून ओघळत राहतो हे आम्हां दोघांनाही माहीत नव्हतं. ह्यांनी माझा हात घेऊन आपल्या गळ्याला लावला आणि हळूच म्हणाले, "मले ताप भरून राह्यला वाटते."

परबांचं घर माडांच्या बागेत होतं. दोघांना आम्हांला बघून फार आनंद झाला, आणि तो आनंद मे महिन्यात आलात याच्या काळजीत लगेच बुडाला. घराच्या मागून एकसारखा आवाज येत होता, दूर कुठे जिनिंग चालू असावी तसा. मी शोभाबाईंना विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, समुद्र. बाग संपली की तोच. मी मागच्या दाराकडे वळलेही. पण ह्यांना आधी ताप मोजायचा होता.

ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर येऊन सांगून गेला की ह्यांना काहीही झालेलं नाही, इथे सगळ्यांना असंच होतं. मग दहा वाजले, आणि दहा ते पाच मे महिन्यात माणसाने घराबाहेर पाऊल टाकायचं नसतं हे ह्यांच्या रक्तात. शोभाबाई म्हणाल्या, अहो, सावलीच सावली आहे, शंभर पावलं. हे म्हणाले, लू काय पावलं मोजून लागते? संध्याकाळी जायचं ठरलं. तोवर ह्यांनी ताट्या सोडल्या.

एक पुढच्या दारात, एक मागच्या. परबांचा टेबलपंखा मध्ये. ह्यांनी स्वतः विहिरीचं पाणी काढून दोन्ही ताट्या भिजवल्या आणि परबांना आरामखुर्चीत बसवून म्हणाले, आता पंधरा मिनिटं थांबा. पंधरा मिनिटांनी परबांच्या चष्म्यावर वाफ धरली. हे म्हणाले, पाणी कमी पडलं. आणखी चार बादल्या मारल्या. दुपारपर्यंत ते घर भात शिजत ठेवलेल्या पातेल्यासारखं झालं. मिठाच्या बरणीत पाणी सुटलं. काड्यापेटी पेटेना. शोभाबाईंनी वाळवून ठेवलेले फणसाचे पापड रुमालासारखे मऊ झाले, आणि ती बाई एक शब्द न बोलता सुपं उचलून शेजारी पोचवून आली. परबांनी तर कमालच केली. निथळत बसून ते म्हणाले, "फरक जाणवतो हो." पाहुण्याचं मन मोडायचं नाही म्हणून माणूस किती घाम गाळू शकतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

संध्याकाळी बादल्या उपसून ह्यांची कंबर धरली, त्यामुळे समुद्र राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ताट्या. परतीचं आरक्षण पाचव्या दिवशीचं होतं. तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही एकट्या का नाही गेलात? शंभर पावलांवर होता. खरं सांगायचं तर नऊ वर्षं ज्याने माझ्यासाठी महिना शोधला, त्याला मागे ठेवून समुद्र बघायचा हे माझ्याने होईना. माणूस चुकत होता, पण माझ्याचसाठी चुकत होता.

पण तिसऱ्या दिवशी बारा वाजता ते सातवी बादली घेऊन आले आणि मला म्हणाले, "नलूची माय, आज थोडा फरक वाटून राह्यला ना?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अवो, हवेतच पानी हाय इथं. वल्या हवेले वलं करून काय गार होनार? मी चालली समुद्रावर. तुमी बसा ताट्या भिजवत." आणि डोक्यावर पदर घेऊन भर बारा वाजता निघाले. परब घाईघाईने पुढे झाले. त्यांना मला वाट दाखवायची होती की त्या घरातून सुटायचं होतं, मी विचारलं नाही.

शेवटच्या माडाशी परब थांबले आणि वहाणा काढून त्यांनी बुंध्याशी ठेवल्या. देवळाबाहेर काढतात तशा, न बघता. मी विचारलं, वाळू तापलेली आहे ना? म्हणाले, आहे की, पण इथपर्यंतच घालून यायची सवय, लहानपणापासून. मीही काढल्या. वाळूने तळपाय पोळले म्हणून मी पळत सुटले, अठ्ठावन्न वर्षांची बाई, साडी गोळा करून, आणि ओल्या वाळूवर जाऊन उभी राहिले तेव्हा पाणी पायावर आलं.

परबांचं खरं होतं. लाटा ओळीने येत नव्हत्या. एक येता येता दुसरीला गाठत होती, एखादी मध्येच मोडत होती. पण मला त्याहून दुसरंच दिसलं. आलेलं पाणी परत जात होतं. पायाखालची वाळू ओढत, खाली खाली सरकत, येणाऱ्या लाटेच्या पोटात शिरत होतं. मी तीस वर्षं फक्त येणारा समुद्र काढला होता. जाणारं पाणी पुस्तकात नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते पुसलं नाही, तिथे तोंड ओलं असलेलं कुणाला कळतं?

मागून हे आले. डोक्याला दुपट्टा, कानावरून गच्च बांधलेला, हातात छत्री, खिशात कांदा. जाळी विणत बसलेली दोन माणसं काम सोडून बघत राहिली. ह्यांनी मला रागवायला तोंड उघडलं आणि समोर बघून तसंच राहू दिलं. मग ते वाकले. पायाशी आलेला फेस त्यांनी चिमटीत धरला, दोन्ही अंगठ्यांत घेतला आणि सवयीने हळूच ओढला. हातात काही राहिलं नाही. त्यांनी परत उचलला, परत ओढला.

"याले प्रत नाई लावता येत," ते म्हणाले. मग, माझ्याकडे न बघता, "आपण कवाबी येऊ शकलो असतो."

मी म्हटलं, "तुमची जिनिंग होती."

"जिनिंग तं होती," ते म्हणाले, आणि माझ्या शेजारी पाण्यात उभे राहिले. खिशातला कांदा त्यांनी काढला नाही. उरलेले दोन दिवस आम्ही जेवायला आणि झोपायलाच काय ते घरी गेलो.

जुलैत मी किनारपट्टीचा धडा घेतला. या वेळी खडू आडवा धरून लाटा काढल्या, वेगवेगळ्या, आणि मग ओलं फडकं घेऊन फळ्याच्या खालच्या भागावरून मागे ओढलं, तसं पाणी परत गेल्यासारखं दिसलं. मुख्याध्यापकांना ते आवडलं नाही. म्हणाले, बाई, तुमचं जुनं चित्र जास्त स्वच्छ होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात परबांचं कार्ड आलं. एकदा सिंदीला येऊन जायचं मनात आहे, तरी तिकडे येण्यास उत्तम महिना कोणता ते कळवावे. ह्यांचे डोळे चमकले. त्यांनी पाठकोरा कागद शोधला, बारा महिने आखले. मे महिन्याला माणूस टिकत नाही. जुलै, ऑगस्टला काळ्या मातीचा चिखल, वहाणेला दोन-दोन शेर चिकटतो, म्हणून कवडी. हिवाळा उत्तम, पण तेव्हा जिनिंग, पाहुण्यांकडे लक्ष देता येणार नाही. ऑक्टोबरपाशी ते विचार करत थांबले, तेवढ्यात मी एक कोरं कार्ड घेतलं आणि लिहिलं, 'एकतीस ऑगस्टला माझा निरोप समारंभ आहे. चिखल आहे. निघा.' आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आले.

परब आले. समारंभाच्या दिवशी पाऊस थांबला होता, पण चिखल ह्यांनी सांगितला तसाच होता. भाषणांना वेळ होता म्हणून मी त्यांना वर्गात नेलं. आदल्या दिवशी मी ते चित्र फळ्यावर पुन्हा काढून ठेवलं होतं, का ते सांगायला नको. व्हरांडाभर चिखलाचे ठसे उमटवत परब आत आले, बाकांमधून चालत पुढे गेले. फळ्यासमोर उभे राहिले. दहा वर्षांपूर्वी बघितलं होतं त्याहून जास्त वेळ बघत राहिले.  मग खाली न बघता त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि बाजूला सारल्या.

चिखलाच्या जड झाल्या होत्या म्हणून काढल्या असतील, असं आमच्या ह्यांचं मत आहे. असेलही. पण चिखल तर फाटकापासूनच होता.